श्रेणी : सोपी ते मध्यम

पहिला पाऊस पडला की पनवेलात दोन गोष्टी उगवतात. गाढी नदीच्या काठाला टाकळा आणि मोबाइलवर ट्रेकच्या जाहिराती. टाकळ्याची निदान भाजी तरी होते. जाहिरातीत एका हिरव्यागार डोंगराचा फोटो असतो (तो डोंगर रायगड जिल्ह्यातला असेलच असं नाही, भारतातला असला तरी पुष्कळ), खाली ‘कलावंतीण दुर्ग, एक दिवस’, त्याखाली चहा, पोहे, सर्टिफिकेट आणि आयुष्यभराच्या आठवणी. शेवटच्या ओळीत, विमा कंपन्या अटी छापतात तेवढ्या बारीक अक्षरांत, ‘श्रेणी : सोपी ते मध्यम’.

ही श्रेणी डोंगर बघून ठरते असा ज्यांचा समज आहे त्यांनी कधी बस भाड्याने ठरवलेली नाही. नुसतं ‘सोपी’ लिहिलं तर कॉलेजची पोरं नाक मुरडतात. ‘कठीण’ लिहिलं तर पन्नाशीचे काका बायकोकडे बघतात आणि गप्प बसतात. बसमध्ये पन्नास सीटा असतात आणि डिझेल काही वयोगट बघून जळत नाही. तेव्हा पोरंही हवीत, काकाही हवेत, काकांची आठवीतली मुलगीही हवी. डोंगर आहे तिथेच राहतो. बुकिंग कमी पडेल तशी श्रेणी खाली उतरते. शुक्रवारी रात्रीपर्यंत बारा सीटा रिकाम्या असल्या तर तोच कलावंतीण ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ होतो.

आता हा उत्तम कलावंतीण म्हणजे काय, तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या शेडुंग फाट्यावरून आत ठाकूरवाडी, तिथून चढून प्रबळमाची, आणि माचीवरून पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या. उंची सुमारे २,२५० फूट. पायऱ्या चांगल्या गुडघाभर उंच, पावसात शेवाळलेल्या, आणि बाजूला कठडा म्हणून जे काही आहे ते हवा आहे. माचीवरची आदिवासी मंडळी शिमग्याला याच पायऱ्यांनी वर जाऊन नाचतात. आमची बॅच त्याच पायऱ्या बसून उतरते. एकेक पायरी, आधी उजवी मांडी, मग डावी, तोंडाने रामरक्षा. नव्या ट्रॅकपँटचा मागचा भाग माचीवर पोचेपर्यंत इतिहासजमा झालेला असतो. फोटोत मात्र तो येत नाही, कारण फोटो समोरून काढतात.

स्विस लोक या बाबतीत फारच रुक्ष. त्यांच्या अल्पाइन क्लबने डोंगरवाटांच्या सहा श्रेण्या केल्या आहेत. साध्या वाटेला पिवळी पाटी, डोंगरी वाटेला पांढरे-तांबडे-पांढरे पट्टे, अवघड वाटेला पांढरे-निळे-पांढरे. पट्टे निळे दिसले की ज्याला दोर आणि बर्फाची कुऱ्हाड वापरता येत नाही तो माणूस म्हणे मुकाट्याने मागे फिरतो. आपल्याकडे निळे पट्टे मारले तर ‘अरे, इकडे काहीतरी स्पेशल दिसतंय’ म्हणून अख्खी बस तिकडे वळेल. काही जण पट्ट्यासोबत सेल्फी घेतील आणि एक जण पट्ट्याखाली आपलं आणि तिचं नाव कोरेल.

तिकडे स्कॉटलंडात नेस्मिथ नावाच्या गृहस्थांनी १८९२ साली एक हिशेब मांडून ठेवला. दर तीन मैलांना एक तास, आणि चढ असेल तर दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. या हिशेबाने ठाकूरवाडी ते कलावंतिणीचा माथा दीड-दोन तासांत व्हायला हवा. नेस्मिथसाहेबांनी मक्याच्या कणसाचा वेळ धरलेला नाही. रील परत काढण्याचा धरलेला नाही. ‘थांबा, बॅच मागे राहिली’, ‘थांबा, बॅच पुढे गेली’, ‘थांबा, काकांचा सोल निघाला’ हेही धरलेलं नाही. सह्याद्रीत यासाठी वेगळं कोष्टक आहे आणि ते प्रत्येक लीडरला तोंडपाठ असतं. किती राहिलं, असं कोणीही, कुठेही, कधीही विचारलं तरी उत्तर एकच : ‘बस, दहा मिनिटं.’

पण खरी गंमत डोंगराच्या श्रेणीत नाहीच. डोंगर बिचारा लाखो वर्षं जिथे आहे तिथे आहे, त्याचं माप कोणीही घ्यावं. माप नाही ते येणाऱ्यांचं. त्यासाठी फॉर्म असतो. फॉर्मवर ‘आपली शारीरिक क्षमता’ असा रकाना आणि तीन पर्याय : उत्तम, चांगली, बरी. तिसऱ्या पर्यायावर टिचकी मारलेला मराठी माणूस माझ्या पाहण्यात नाही. ‘बरी’ हे आपण जावयाच्या नोकरीबद्दल म्हणतो, स्वतःच्या तब्येतीबद्दल नाही.

मग ‘उत्तम’ कशाच्या आधारावर? एकाचा आधार १९९१ सालचा एनसीसी कॅम्प. दुसऱ्याचा आधार जिमची वार्षिक फी, जी भरली आहे. तिसरे वडाळे तलावाला रोज फेऱ्या मारतात. त्यांच्या फेरीचा वेग मी जवळून पाहिला आहे. त्या वेगात दोन राजकीय पक्ष फुटून पुन्हा एक होतात, आणि फेरी संपते ती वड्याच्या गाडीपाशी. सोसायटीचे सेक्रेटरी तर तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट दोन तास बंद पडली तर मेंटेनन्सवाल्याला अकरा फोन करतात. तेच सेक्रेटरी सोसायटीच्या ग्रुपवर ‘चलो कलावंतीण’ असं आवाहन करतात आणि खाली भगवा झेंडा टाकतात. झेंडा टाकला की माघार घेता येत नाही. तिथे गुडघ्याचा नव्हे, अस्मितेचा प्रश्न येतो.

हिमालयातल्या ट्रेकला डॉक्टरचा दाखला लागतो. दाखला म्हटला की आपला मार्ग ठरलेला. फॅमिली डॉक्टर आपल्याला लहानपणापासून ओळखतात, आपली शुगर ओळखतात, आपल्या वडिलांची शुगरही ओळखतात. ‘कुठे चाललात?’ ‘हिमालयात.’ ‘वा! फोटो पाठवा,’ म्हणत सही होते. स्टेथोस्कोप गळ्यातच राहतो.

लीडरला हे दिसत नाही का? दिसतं. बसमधून उतरताना जो माणूस दाराची दांडी दोन्ही हातांनी धरतो तो गडाच्या पायऱ्यांवर काय करणार, हे लीडरला शेडुंग फाट्यावरच कळतं. पण सांगणार कसं? काका वडिलांचे मित्र. काकांनी चार सीटा आणल्यात. काकांनी सगळ्यांसाठी घरून डिंकाचे लाडू आणलेत. माणसाने ज्याचा लाडू खाल्ला त्याला ‘काका, तुम्ही माचीवरच थांबा’ असं म्हणायचं, एवढा निर्दयपणा अजून आपल्या मराठी पोरांत आलेला नाही. एका उमद्या पोराने म्हणून बघितलं होतं. काका म्हणाले, ‘अरे, तुझा जन्म व्हायच्या आधी मी कर्नाळा चढलोय.’ कर्नाळाही तेव्हापासून तेवढाच उंच आहे, पण हे बोलायचं कोणी?

आणि कर्नाळ्याचा दाखला पनवेलकराने द्यावा याला तसा इतिहास आहे. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातवाने पुढे काय केलं ते जगाला ठाऊक आहे. त्याच नातवाच्या नावाच्या नाट्यगृहात मध्यंतराला वड्यापर्यंत चालत जाणं हा आमच्यातल्या कित्येकांचा आठवड्याचा व्यायाम आहे.

काकांवर फार टीका झाली. आता पुतण्यांकडे वळू. अर्धमॅरेथॉन धावणारी, मनगटावर नाडी मोजणारी ही पोरं कुठल्याही श्रेणीत बसतात, म्हणून ती सोप्या ट्रेकला हटकून येतात. पहिल्या वळणाला ती दिसेनाशी होतात. मागे काका, पुढे पुतणे, आणि मधे तीन वळणांच्या अंतरात एकुलता एक लीडर, एका शिट्टीसह. दोर असतो तो पुढच्याच्या पाठीवर, औषधांची पेटी मागच्याच्या. रस्ता चुकतो तो नेहमी पुढचा, कारण मागचा चुकायला आधी चालावं लागतं. कर्नाळ्याला तर पुढे गेलेले सुळक्याच्या पायथ्याशी पोचून स्पीकर लावतात. त्या सुळक्यावर आग्या मोहोळं लागतात, आणि मधमाश्यांना संगीतातलं कळतं. त्यानंतर जो वेग दिसतो तो मनगटावरच्या घड्याळात मावत नाही.

सगळ्यांत चुकीचं माप घेतलं जातं ते वहिनींचं. वहिनींची नोंद फॉर्मवर ‘सोबत मिसेस’ अशी. त्यांच्यासाठी म्हणून श्रेणी खाली आणलेली, त्यांच्यासाठी म्हणून ‘हळू चालू या’. या वहिनी रोज सकाळी पनवेल स्टेशनचा पूल दोन पिशव्या घेऊन चढतात, सीएसएमटीपर्यंत निम्मा प्रवास उभ्याने करतात, संध्याकाळी येताना भाजी आणतात. माचीवर त्या सर्वांत आधी पोचलेल्या असतात. त्यांच्या पाठीवर त्यांची सॅक, पोटावर नवऱ्याची, आणि वर नवऱ्याला उद्देशून ‘अहो, सावकाश या’.

या अख्ख्या व्यवहारात माणसं पारखणारा एकच तज्ज्ञ मी पाहिला, आणि त्याचं नाव कुठल्याही जाहिरातीत नाही. माचीच्या वाटेवर ताडपत्रीखाली लिंबूसरबत विकणारी ठाकर मावशी. ती फॉर्म भरून घेत नाही. ती आधी पायातल्या बुटाकडे बघते, मग तोंडाकडे, मग माणूस ग्लास कसा धरतो तिकडे. ग्लास हलत असला की निकाल लागला. ‘दादा, तुमी हितंच बसा. मंडळी येतील परत.’ दादा म्हणतात, ‘नाही हो मावशी, सवय आहे.’ मावशी दुसरा ग्लास भरायला घेते, कारण सवय असलेला माणूस दुसरा घेतोच. दादा बसतात. तासाभराने भजीही घेतात. मावशीने धंद्यासाठी बसवलं असा आरोप कोणी करील. करू देत. लीडर पैसे घेऊन जे सांगत नाही ते ती वीस रुपयांत सरबतासकट सांगते.

सरकारनेही हा प्रश्न हाती घेतलेला आहे. साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय आला, मग २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेची साधनं, सगळं त्यात आहे. डोंगरावर मात्र अजून धोरणाला धाप लागलेली दिसते, ते पायथ्याशी बसलंय. प्रत्यक्षात दर पावसाळ्यात प्रशासन दोनच श्रेण्या ओळखतं : ‘बंदी’ आणि ‘बंदी असूनही गेलेले’. पांडवकडा धबधब्याला बंदी, गाढेश्वर धरणाला बंदी. पोहता येणाऱ्याला बंदी, न येणाऱ्याला बंदी. त्यामुळे न येणारा म्हणतो, मग मीही त्याच्याइतकाच लायक झालो की. रविवारी तो जाळीच्या खालून आत शिरतो. सोमवारी बातमी येते. त्याला शोधायला जातात ते खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गटांतले स्वयंसेवक, आपली नोकरी, झोप आणि जेवण सोडून, रात्रीच्या पावसात दोर घेऊन. त्यांची श्रेणी कोणती होती, हे त्यांना कोणीच विचारत नाही.

तेव्हा माझी पनवेल महानगरपालिकेला नम्र सूचना आहे. २०१६ साली स्थापन झालेली आपली ही संस्था तरुण आहे, दमाची आहे. जन्माचा दाखला देते, मृत्यूचा देते. मधल्या काळासाठी तिने ‘दमाचा दाखला’ सुरू करावा. परीक्षा अगदी साधी. रेल्वे स्टेशनचा पूल, पाठीवर पाच किलो, न थांबता चढणे व उतरणे, आणि खाली आल्यावर स्वतःचं पूर्ण नाव आडनावासकट एका श्वासात सांगणे. आडनावापर्यंत पोचला तो मध्यम. वडिलांच्या नावावर अडला तो सोपी. स्वतःच्याच नावावर अडला त्याला तलाव.

सूचना मंजूर होईल याची मला खात्री आहे. पुढचंही दिसतंय. समिती नेमली जाईल, पुलाखाली खिडकी उघडेल, खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लागेल. पंधरा दिवसांत जुन्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, प्लास्टिकची खुर्ची टाकून एक हसतमुख गृहस्थ बसतील. ‘काका, पूल कशाला चढताय या वयात? आधार कार्डाची झेरॉक्स द्या, दोन फोटो द्या. सोपी तीनशे, मध्यम पाचशे. कठीण पाहिजे असेल तर आठशे, पण साहेबांची सही उद्या मिळेल. आणि दोघांचं एकदम काढलंत तर वहिनींचं फुकट.’