काकूंकडे मांजर येणार म्हणे!

"अगं ए, जरा इकडे भिंतीशी ये. समोर काकूंकडे सकाळपासून काय ठोकाठोक चाललीय? कूलर बसवतायत का?"

"कूलर नाही हो मामी, जाळी. खिडक्यांना आणि मागच्या ओट्याला. मांजर येतंय ना त्यांच्याकडे रविवारी!"

"येतंय म्हणजे? मांजराला काय अक्षत द्यावी लागते? मी गच्चीवर कुरडया घातल्या की न बोलावता चार येतात."

"ती तुमच्याकडे येतात. काकू दत्तक घेतायत. दोन महिन्यांचं पिल्लू आहे."

"दत्तक! आणि काकांना चाललं? गळ्यात माळ आहे त्यांच्या."

"तीच तर खरी गंमत, सांगते. पण आधी पिल्लू कुठलं ते ऐका. शनवाऱ्याच्या पुढे एक पावरलूमचा कारखाना आहे ना, तिथे सुताच्या गठ्ठ्यांमागे भाटी व्यायली होती. लूमचा तो खडखडाट, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, पण हिला तीच जागा आवडली. मग घरं बदलायला लागली."

"बदलणारच. सात घरं दाखवते म्हणतात पिल्लांना."

"तसंच झालं. बाकीची नेली, हे एक राहिलं. कामावरच्या पोरांनी दया येऊन बशीत गाईचं दूध ठेवलं, आणि पिल्लाला जुलाब. एवढासा जीव, त्यातलं पाणी गेलं की राहतं काय? ती कॉलेजातली मुलगी वेळेवर पोचली म्हणून वाचलं."

"कोण, स्कूटीला पिशवी अडकवून फिरते ती? त्या पिशवीतून एकदा म्याव ऐकलं मी. मला वाटलं भास झाला."

"तीच. पण तिनेसुद्धा लगेच उचललं नाही हो. पिल्लाभोवती गोल करून कणीक भुरभुरली आणि लांब जाऊन बसली. आई रात्री येऊन गेली तर कणकेवर पावलं उमटतील. सकाळी बघते तर कणीक जशीच्या तशी, मुंग्या तेवढ्या लागल्या होत्या. मगच घरी नेलं."

"कणीक! काय एकेक डोकं चालतं. पण माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकतं, असं आमची सासू म्हणायची."

"तसं नाही म्हणे. उलट लोकच घाई करतात. आई बिचारी उंदराच्या मागे गेलेली असते, आणि आपण 'अगं बाई, एकटंच आहे' करून पिल्लू घरी आणतो. परत येऊन ती ओरडत फिरते. ते आपल्याला कुठे दिसतं?"

"हं. आमच्या मागच्या गल्लीत असंच रात्रभर ओरडत होतं एक मांजर. जाऊ दे. मग त्या मुलीने जगवलं कसं?"

"पिल्लांचं वेगळं दूध येतं, पावडरचं. ते बाटलीने. तेही पालथं धरून पाजायचं, आपल्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध छातीत जातं. आणि अगदी लहान असतं तेव्हा त्याला शी-शूसुद्धा आपली आपली होत नाही. आई चाटते तेव्हा होते. मग ही कोमट पाण्यात कापूस भिजवून हळूहळू चोळायची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोलायची. आणलं तेव्हा पाव किलोच्या आसपास होतं, आता आठशे ग्रॅमच्या वर गेलंय. आठ आठवडे झाल्याशिवाय ती कुणाला देतच नाही."

"आणि काकूंना बरं दिलं."

"दिलं कसलं, परीक्षा घेतली! घर बघायला आली तेव्हा मी तिथेच होते, वाटी परत द्यायला गेले होते. स्थळ बघायला आल्यासारखे प्रश्न. घरात माणसं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, दुपारी कोण असतं, आधी कधी जनावर पाळलंय का. काकूंनी दराबा पुढे केला. मुलगी म्हणाली, तो नंतर, आधी मला तुमचं शिलाई मशीन दाखवा."

"मशीन? का बरं?"

"दोरा! मामी, मला ही गोष्ट ठाऊकच नव्हती. मांजराच्या जिभेवर काटे असतात, आणि सगळ्यांची टोकं घशाकडे वळलेली. म्हणून तर चाटलं की खरखरीत लागतं. दोरा एकदा जिभेवर चढला की बाहेर थुंकता येत नाही, आतच जातो. त्याचं एक टोक कुठेतरी अडकतं, दुसरं पुढे सरकतं, आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होऊन कापलं जातं. तोंडातून नाहीतर मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे. आता बुऱ्हाणपुरात दोरा नाही असं घर दाखवा मला! काकू फॉल-पिको करतात, सगळ्या घरात तुकडे. आता सगळी रिळं बरणीत गेली, मशीनवर खोळ आली, आणि दुपारी काका गुडघ्यांवर बसून पलंगाखालचे दोरे वेचतात."

"काका? जे ताटलीसुद्धा उचलत नाहीत?"

"तेच. मी तर म्हणते, काकूंना चाळीस वर्षांत जमलं नाही ते त्या पिल्लाने घरात न येताच करून दाखवलं."

"हो बाई! बरं, माळेचं सांग. ते लोक घरात अंडं शिजवत नाहीत. मांजर काय, वरणभात खाणार?"

"काकूंचा बेत तोच होता. दूध-भात, दूध-पोळी. म्हणाल्या, आपल्या घरी आलं की आपल्यासारखं खाईल. मुलीने तिथेच पाय रोवले. मांस चालणार नसेल तर मांजर देणार नाही, म्हणाली. ससा पाळा म्हणाली!"

"भारीच की. अगं, पण माझ्या माहेरी रावेरला मांजर होतं. भाकरी-दुधावर किती वर्षं जगलं ते."

"ते घरी भाकरी-दूध खायचं, मामी. बाहेर काय खायचं ते तुम्ही विचारलं होतं का? केळीच्या मळ्यात उंदरांना काय तोटा!"

"...हे मात्र खरं."

"हे बंद खोलीत राहणार, त्याला उंदीर कोण देणार? काकूंचा भाचा महूला जनावरांच्या डॉक्टरीला आहे ना, त्याला फोन लावला. त्याने नीट सांगितलं. टॉरीन म्हणून एक द्रव्य असतं. ते आपलं शरीर बनवतं, कुत्र्याचंही बनवतं, मांजराला मात्र पुरेसं बनवता येत नाही. ते मांसातूनच मिळतं. नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय फुगून बंद पडतं. अमेरिकेत विकतचं खाणं खाणारी मांजरंसुद्धा अशी मरत होती, त्यात टॉरीन कमी पडत होतं म्हणून. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या डॉक्टरांनी ते शोधून काढलं, तेव्हापासून कंपन्यांनी खाण्यात ते वाढवलं. आणि अजून एक म्हणाला, मांजराला गोड चव कळतच नाही. आपली मावा जलेबी पुढे ठेवली तर मावा चाटेल, पाक वाया."

"अरे देवा! बुऱ्हाणपुरात जन्मून जलेबी कळू नये! मग काका काय म्हणाले?"

"फोन स्पीकरवर होता. सगळं ऐकलं, बराच वेळ माळ चाचपली, आणि म्हणाले, 'त्याला पांडुरंगानेच तसं घडवलंय. मग माझी माळ त्याच्या गळ्यात कशाला?' झालं. आता खाण्याचं पाकीट मागच्या ओट्यावरच्या डब्यात राहणार, त्याची ताटली वेगळी, घासणी वेगळी, आणि ती बाहेरच्या नळावर घासायची. मला विचाराल तर हे आधी बोलून घेतलं ते छान झालं. नाहीतर पिल्लू घरात आल्यावर रोज भांडण, आणि उपाशी कोण? ते."

"उरलंसुरलं देता येईल की. रस्सा-बिस्सा."

"नाही हो! कांदा-लसूण चालत नाही. रक्त नासतं त्याचं. आपल्या खानदेशी रश्श्यात त्याशिवाय असतं काय? आणि फिनेलही बंद. काळं फिनेल लादीवर लागलं की ते पायाला लागतं, मांजर पाय चाटतं, आणि ते विष त्याच्या लिव्हरला झेपत नाही. डांबरगोळ्या कपाटातून गेल्या. आणि काकांची तापाची गोळी, पॅरासिटामॉल, ती तर एकसुद्धा जीव घेते. कुणी प्रेमाने 'ताप आलाय वाटतं' म्हणून अर्धी चुरून दिली तर संपलंच."

"बाई बाई, लहान मूल बरं त्यापेक्षा."

"कूलरच्या टाकीवर फळी टाकली, वॉशिंग मशीन लावायच्या आधी आत बघायची सवय लावतायत. घाणीसाठी मुलगी म्हणाली, कमी काठाचं पसरट काहीतरी द्या, उंच घमेल्यात पिल्लाला चढता येत नाही. तर काकूंनी काय काढलं असेल? सासूबाईंची अॅल्युमिनियमची परात."

"कोणती? जिच्यात आखाजीच्या पुरणपोळ्यांची कणीक भिजायची ती?"

"तीच! आता तिच्यात बारीक रेती. तुम्ही हसताय, काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'चाळीस वर्षं तिचं ऐकलं.' पुढचं मी काही विचारलं नाही."

"विचारायचं होतंस. पण अगं, आखाजीला त्यांची लेक येतेय ना? चौथा महिना लागलाय तिला. पोटुशी बाई आणि घरात मांजर? माझ्या वेळेला तर दारातही येऊ दिलं नव्हतं."

"हे काकूंनी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. मांजराच्या शीतून एक जंतू येऊ शकतो, तो पोटातल्या बाळाला वाईट. म्हणून लेकीने परातीला हात लावायचा नाही. परात रोज साफ करायची, कारण तो जंतू एखादा दिवस तरी गेल्याशिवाय लागत नाही. बाहेर शिकार न करणाऱ्या मांजराची भीती कमीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कच्चं मांस आणि न धुतलेला भाजीपाला यांतूनही तो येतो, तिकडे जास्त बघा. लेक म्हणाली, मग मी आईकडे भाज्या निवडणार नाही. तिला तेवढंच हवं होतं."

"वळण कुणाचं आहे! बरं, नाव काय ठेवणार?"

"त्यावरून दोन दिवस घरात वाद. पिल्लू तीन रंगांचं आहे, पांढरं-काळं-भगवं. तीन रंगांची म्हणजे बहुतेक भाटीच असते, भाच्याने न बघता सांगितलं. काकांना मुक्ताई म्हणायचं होतं. काकू म्हणाल्या, रोज सकाळी 'मुक्ताई, खाली उतर' म्हणून ओरडू का मी? पाप लागेल. नातवाने मुमताज काढलं."

"नको गं बाई! ती इथेच गेली ना, बाळंतपणात. शाही किल्ल्यात."

"१६३१ साली, चौदाव्या बाळंतपणात. आहूखान्याच्या बाजूला पुरलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. काकूंनी तेच सांगितलं, नाव अशुभ. तर नातू म्हणतो कसा, 'आजी, हिचं तर ऑपरेशनच करणार आहोत, हिला बाळंतपण कुठलं?'"

"एवढंसं पोरगं आणि बोलणं बघा!"

"पण ऑपरेशनचं खरं आहे. पाच-सहा महिन्यांची झाली की करायचं, तसं मुलीने लिहूनच घेतलंय. चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकतात, आणि दोन महिन्यांत पिल्लं. मग पुन्हा लूमच्या गठ्ठ्यांमागे तेच. लशीही आहेत. तीन रोगांची एकच सुई, पहिली आता, मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. इथल्या डॉक्टरांकडे गाई-म्हशी-बकऱ्याच जास्त येतात, म्हणून काकूंनी मांजराची लस मागवून ठेवायला आधीच सांगितलंय. नाही मिळाली तर भुसावळ आहे, गाडीने कितीसं लांब."

"आणणार कशात? पिशवीत?"

"केळीचे दोन क्रेट एकावर एक तारेने बांधलेत, आत जुना टॉवेल. भोकं आहेतच हवेला. आधी त्या मागच्या लहान खोलीत ठेवणार. सगळं घर एकदम दाखवायचं नाही म्हणे, पिल्लू बावचळतं. पलंगाखाली लपलं तर लपू द्यायचं, ओढून काढायचं नाही. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पहिल्या दिवशी बघायला गर्दी करायची नाही, हे काकूंनी मला माझ्याकडे बघत सांगितलं."

"तुला सांगितलं म्हणजे मोहल्ल्याला सांगितलं. चल, मी कुरडया उलटून येते, ऊन वर आलं."

"थांबा हो, मुख्य राहिलंच. त्या मुलीच्या कागदावर एक रकाना होता. घरचे गावाला गेले तर पिल्लू कोण बघणार, नाव आणि फोन नंबर. काकू-काका आषाढीला पंढरपूरला जातातच."

"मग? तुझं लिहिलं असेल."

"तुमचं लिहिलंय."

"माझं? मला न विचारता?"

"म्हणाल्या, मामी दिवसभर घरी असतात आणि रात्री दोनदा उठतात."

"हे लिहिलं कागदावर?"

"नाही, हे तोंडी सांगितलं."

"बघते आता तिच्याकडे! आणि हे बघ, निरोप दे. मी ते पाकीट पळीने वाढीन, हाताने नाही. त्या परातीला काकूंच्या नातवाने येऊन हात लावायचा. आणि खोलीची किल्ली मला आदल्या दिवशी पाहिजे, ऐन निघायच्या घाईत नाही."