ड्रिलधारी

ड्रिलधारी हा महाराष्ट्राच्या शहरांतील गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये आढळणारा, साधारण पस्तिशी ओलांडलेला पगारदार पुरुष होय. भाड्याच्या घरात तो सुप्तावस्थेत असतो, कारण तिथे खिळा ठोकायलाही मालकाला विचारावे लागते. स्वतःच्या फ्लॅटचा ताबा मिळाला की तो जागा होतो आणि पुढल्या दिवाळीच्या सेलमध्ये ड्रिल मशीन घेतो. मशीन प्लास्टिकच्या पेटीत येते. सोबत बिटे, पान्हे, मोजपट्टी, पाणसळ आणि कशासाठी आहेत हे शेवटपर्यंत न कळणारे दहा-बारा तुकडे असतात. पहिल्या वर्षी या मशीनने हॉलमध्ये एक घड्याळ आणि एक फोटो लागतो. ड्रिलधारीचा पुढचा सगळा आत्मविश्वास या दोन भोकांवर उभा असतो. दोन्ही भोके विटेच्या भिंतीत होती, ही बाब तो हिशेबात धरत नाही.

त्याची खरी परीक्षा खिडकीला ब्लाइंड्स बसवताना होते. पश्चिमेच्या बेडरूममध्ये दुपारी ऊन येते, पडदे धूळ धरतात आणि नणंदेकडे झेब्रा ब्लाइंड्स पाहून आल्यापासून घरात हा विषय निघालेला असतो. दुकानदार माप घेऊन जातो आणि बसवण्याचे पैसे खिडकीमागे वेगळे सांगतो. त्यावर ड्रिलधारी जे वाक्य उच्चारतो ते मुंबईपासून नागपूरपर्यंत एकच आहे: ‘दोन स्क्रूचं तर काम.’

स्क्रू दोनच असतात हे खरे. मात्र ते खिडकीच्या वर मारायचे असतात आणि इमारतीतली सर्वांत हट्टी जागा नेमकी तीच असते. विटांना मोकळ्या जागेवर आपले वजन तोलता येत नाही, म्हणून प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर सळया घातलेल्या काँक्रीटचा लिंटेल टाकतात. अनेक इमारतींत तर खिडकी थेट बीमलाच भिडते. अलीकडच्या टॉवरांत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती ओततात. या ‘मायव्हान’च्या घरांत खालपासून वरपर्यंत काँक्रीटच असते आणि तिथे ड्रिलधारीला घड्याळापासूनच अपमान सोसावा लागतो.

त्यात महाराष्ट्राच्या काँक्रीटची एक खोड आहे. इथली खडी बहुतेक ठिकाणी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर ओतलेला लाव्हा थिजून हा दगड झाला. सह्याद्री त्याचाच आणि रायगडही त्याच्यावरच उभा. खाणीतून काढून, भरडून, 20 मिलिमीटरपर्यंतचे तुकडे करून तो काँक्रीटमध्ये घालतात. ब्लाइंडच्या ब्रॅकेटला लागते 6 मिलिमीटरचे भोक. त्यामुळे बिटाचे टोक कधी दोन खड्यांमधल्या सिमेंट-वाळूत पडते, तर कधी खड्याच्या ऐन कपाळावर. एकाच ब्लाइंडचे डावे भोक अर्ध्या मिनिटात होते आणि उजवे तासभर होत नाही, याचे कारण एवढेच. ड्रिलधारी मात्र त्याचा अर्थ भिंतीच्या स्वभावाशी लावतो. डावे भोक पडले ते त्याच्या कौशल्याने, उजवे अडले ते बिल्डरच्या लबाडीने, असे त्याचे मत असते. बिल्डरने सिमेंट जास्त घातले, ही तक्रार जगात बहुधा फक्त ड्रिलधारीच करतो.

कार्यक्रम रविवारी सकाळी, पोह्यांनंतर सुरू होतो. बायको स्टूल धरते, मुलगा व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरून उभा राहतो आणि सासूबाई दुरून ‘हळू हं’ म्हणतात. पेन्सिलीने फुली काढलेली असते. फुलीवर टेकवलेले बिट फिरू लागताच सरकते आणि पुट्टीवर चंद्रकोर उमटते. अशा वेळी आधी पोगराने बारीक खाच पाडावी, किंवा लहान बिटाने सुरुवात करून मग मोठे लावावे, असा रिवाज आहे. ड्रिलधारीची पद्धत वेगळी: तो जोर लावतो. पुट्टी जाते, गिलावा जातो आणि साधारण अर्ध्या इंचावर मशीनचा आवाज बदलतो. त्यानंतर आवाज वाढत जातो, भोक वाढत नाही.

इथे निदानाला आरंभ होतो. पहिले निदान ‘बिट डुप्लिकेट आहे’ हे असते. दुसरे व्होल्टेजचे. प्रत्यक्षात अनेकदा मशीनची कळ उलट्या फेऱ्यांवर असते. बिटाच्या टोकाची कार्बाइडची पात एकाच दिशेने कापण्यासाठी घासलेली असते. उलटे फिरवले तर ती दगडाला नुसती चोळते. हा शोध घरात बहुधा मुलाला लागतो. तो ते मोठ्याने बोलतो, म्हणून त्याची व्हॅक्यूमच्या नळीवरून बदली होते. कळ सुलटी असेल तर हातोडीचे चिन्ह असलेला दुसरा खटका बंद असण्याची शक्यता असते. दोन्ही योग्य असतील तर मग खरोखरच समोर दगड आहे.

तोवर बिट तापून निळे पडलेले असते. कार्बाइडची पात पोलादी दांड्यावर झाळलेली असते. फार तापली की झाळ सैल होते, आणि तापलेले बिट मगातल्या पाण्यात बुचकळले तर पात तडकू शकते. पाण्याचा मग अर्थातच हजर असतो.

खरा मुद्दा यंत्राचा आहे. घरगुती हॅमर ड्रिलमध्ये दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवर घसरत टकटक करतात. हे ठोके मिनिटाला चाळीस हजारांच्या घरात जाऊ शकतात, पण एकेक ठोका अगदीच किरकोळ असतो आणि तोही मागून माणसाने रेटा दिला तरच बसतो. विटेला तेवढा पुरतो. काँक्रीटसाठीच्या रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा घण पुढे फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका दगडाला भेग पाडणारा. या यंत्राला हाताने दाबावे लागत नाही, नुसते सरळ धरायचे असते. त्याच्या बिटाच्या बुडाला खाचा असतात. बॉशने ही खाचांची पद्धत 1975 मध्ये आणली. ड्रिलधारीला हे ठाऊक नसते असे नाही. तो व्हिडिओ पाहूनच स्टुलावर चढलेला असतो. परंतु आपण विकत घेतलेली वस्तू या कामाची नाही, हा निष्कर्ष त्याला घरच्यांसमोर काढता येत नाही.

भोकातून पडणारी धूळ भिंतीचे सगळे अंतरंग सांगते आणि ती वाचता येणे ही या जमातीतील जाणत्यांची खूण मानली जाते. पांढरी धूळ पुट्टीची, तांबडी विटेची, करडी काँक्रीटची. करडट पांढरी, पिठूळ धूळ पडत असेल आणि बिट लोण्यात शिरल्यासारखे शिरत असेल तर तो सिपोरेक्सचा हलका ब्लॉक समजावा. तिथे भोक पडते, स्क्रू मात्र टिकत नाही. धुळीत चकचकीत कण दिसले तर सळई लागली. लिंटेलमधल्या सळया साधारण इंचभर आत असतात, म्हणजे भोक जवळजवळ झालेच असे वाटत असतानाच त्या भेटतात. सळई कापत बसू नये, भोक दीड-दोन इंच बाजूला घ्यावे. ड्रिलधारी बाजूला होत नाही, कारण ब्रॅकेटचे माप त्याने स्वतः काढलेले असते. क्वचित बिटाला सळईऐवजी एसीची वायर मिळते. मग पंखा थांबतो, आणि स्टूल धरणारी व्यक्ती सकाळपासून मनात ठेवलेले बोलून टाकते.

या सगळ्याचा आवाज काँक्रीटच्या सांगाड्यातून इमारतभर पसरतो. तो वरून येतो की खालून हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे चौथ्या मजल्यावरचे काका दुसऱ्या मजल्याचे दार वाजवतात आणि तिथे पूजा चालू असते. सोसायटीच्या ग्रुपवर ‘कृपया दुपारी 2 ते 4 काम बंद ठेवावे’ असा जुना नियम पुन्हा टाकला जातो. त्याला पहिला अंगठा ड्रिलधारीच दाखवतो. संशय टाळण्याचा तो प्रयत्न असतो.

भोक कसेबसे पडले तरी ते वाटोळे राहिलेले नसते, आणि पुढचा प्रश्न गिट्टीचा येतो. भिंतीत स्क्रू धरून ठेवण्याची ही नळी इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज याने तागापासून केली. तिचे पेटंट 1911 चे. आजच्या नायलॉनच्या गिट्टीचे मूळ जर्मनीच्या आर्टुर फिशर याने 1958 मध्ये काढलेल्या नळीत आहे. स्क्रू आत जाताना गिट्टी फुगते आणि भोकाच्या भिंतींना दाबून बसते. त्यासाठी भोक तिच्याच मापाचे हवे आणि आतली धूळ फुंकून काढलेली हवी. ड्रिलधारीचे भोक बाहेर आठ, आत पाच मिलिमीटरचे असते. गिट्टी अर्धी आत जाते, अर्धी बाहेर राहते आणि स्वयंपाकघरातल्या सुरीने कापली जाते. सैल झालीच तर तिच्या बाजूला काडेपेटीच्या काड्या ठोकतात. अशा ब्रॅकेटवरचा ब्लाइंड पहिल्या दोन वेळा व्यवस्थित वर जातो.

या प्रकाराच्या काही उपजातीही आहेत. भोकाला कायमचा कंटाळलेला दुतोंडी चिकटपट्टीचा अवलंब करतो. पावसाळा लागला की त्याचे ब्लाइंड्स रात्री पडतात. दुसरा स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीलाच सेल्फ टॅपिंग स्क्रू मारतो, आणि सरकणारी काच त्या स्क्रूला अडत नसेल तर तो चक्क यशस्वी होतो. तिसरा सर्वांत शहाणा. तो लिंटेलच्या वर, विटेत सोईच्या ठिकाणी स्क्रू मारून एक लाकडी पट्टी बसवतो आणि ब्रॅकेट त्या पट्टीला लावतो. त्याच्याकडे सांगण्यासारखे काही उरत नसल्याने समारंभात त्याला कोणी ओळखत नाही.

बाकीच्यांकडे अखेर दुकानातला मुलगा येतो. तो चपला बाहेर काढतो, ‘सर, स्टूल आहे का?’ विचारतो आणि रोटरी हॅमरने उजवे भोक चहा उकळायच्या आत पाडतो. ‘त्याचं मशीन मोठं होतं,’ असे ड्रिलधारी नंतर सांगतो. दिवसभरातले हे एकच निदान अचूक असते, पण घरात तोवर त्याचे काहीच खरे मानले जात नसते. पुढच्या दिवाळीच्या सेलमध्ये त्याची नजर कुठे जाणार हे त्याच वेळी ठरते.

फसलेल्या भोकांपैकी जी ब्लाइंडच्या पेटीआड येतात ती बुजवण्याची गरज नसते. उरलेल्यांत पुट्टी भरतात, वाळल्यावर पॉलिश पेपर मारतात आणि रंगाचा जुना डबा सापडला तर वरून एक हात देतात. डबा सापडला तरी छटा जुळत नाही.