टेक्निक चुकतंय

कांदा चिरताना कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की आमच्या काकांना राहवत नाही. ते पेपर वाचत असोत, नाहीतर फोनवर बँकेतल्या जुन्या मित्राशी पेन्शनचा हिशेब करत असोत, स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज आला की चष्मा कपाळावर सरकवून हे दारात उभे. "रडताय कशाला? टेक्निक चुकतंय तुमचं."

हे वाक्य त्यांनी सुनेला, भाच्यांना, व्याह्यांकडच्या आचाऱ्याला आणि एकदा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भेळवाल्याला ऐकवलेलं आहे. भेळवाला रडत नव्हता. त्याला सर्दी झाली होती.

नोकरीत असेपर्यंत काकांनी कांदा फक्त ताटात पाहिला. निवृत्त झाल्यावर तो अख्खा कसा दिसतो हे कळलं आणि मग मात्र त्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. नाशकात राहून कांद्यावर मत नसणं तसंही शोभत नाही. चांदवड, येवला, निफाड कुठूनही परतताना ते गाडी थांबवून लासलगावचा भाव विचारतात, घेत काहीच नाहीत, आणि घरी येऊन सांगतात, "उन्हाळ कांदा आहे, त्याला हात घालायला छाती लागते."

हा सगळा वेळ काकू कांदा चिरत असतात. विळी पुढ्यात, उजवा पाय तिच्या पाटावर दाबलेला, डावा दुमडलेला. सोललेला कांदा दोन्ही हातांच्या बोटांत धरून त्या पात्यावर रेटतात आणि खाली ताटात उभ्या पाकळ्यांचा ढीग वाढत जातो. डोळे गळत असतात. मधूनच दंडाला डोळा घासला की पुढचा कांदा. आपण रडतोय असं त्यांना कधी वाटलेलंच नाही. काकांचं म्हणणं, विळी हीच मुळात चुकीची रचना आहे, कारण तोंड बरोबर कांद्याच्या वर येतं. "वायू सरळ डोळ्यांत जाणार, दुसरीकडे जाईल कुठे?" यात तथ्य आहे, पण काकू त्यावर एवढंच म्हणतात, "अहो, पाय आवरा, मला बेसनाचा डबा घ्यायचाय."

शास्त्र काकांना तोंडपाठ आहे. पाहुण्यांनी चहाचा कप खाली ठेवला की ते सुरू होतात. कांद्याच्या पेशी चिरल्या की आत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात, विकरं कामाला लागतात, एक वायू तयार होतो, तो डोळ्यांतल्या ओलाव्यात विरघळतो, डोळे चुरचुरतात, आणि ते धुऊन काढायला पाणी येतं. वायूचं नाव सिन-प्रोपेनथायल-एस-ऑक्साइड. हे नाव ते एका दमात घेतात आणि समोरच्याकडे बघतात. हा वायू तयार करणारं खास विकर जपानी संशोधकांनी 2002 साली शोधलं आणि त्याबद्दल त्यांना 2013 साली इग नोबेल मिळालं. त्यातला 'इग' काका जरा घाईत उच्चारतात. तो पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात, हे पाहुण्यांना कळायचं राहून जातं. काकूंच्या लेखी या सगळ्याचं नाव 'तुमचं ते ऑक्साइड.'

काकांची खरी कसोटी असते कांदेनवमीला. आषाढ शुद्ध नवमी, एकादशीला दोन दिवस उरलेले. पूर्वी चातुर्मासात कांदा-लसूण बंद व्हायचं, म्हणून आदल्या नवमीला मनसोक्त खाऊन घ्यायचं. आता घरात चातुर्मास कुणी पाळत नाही, त्याच्या तोंडावरचं हे जेवण मात्र कुणी चुकवत नाही. भजी, थालीपीठ, पीठ पेरून केलेली कांद्याची भाजी, सगळ्याला मिळून ढीगभर कांदा लागतो. तो चिरायचा मान काका स्वतःकडे घेतात.

तयारी आदल्या रात्रीपासून. गार कांद्यात विकरांचा वेग मंदावतो, म्हणून कांदे फ्रीजमध्ये. सकाळच्या चहाला कांद्याचा वास. सुरीची धार पेपरचा कागद कापून तपासली जाते, कारण बोथट सुरीने पेशी जास्त चेंगरतात. हे खरंच आहे. मात्र तपासायला त्याच दिवसाचा पेपर घेतात, त्यामुळे शब्दकोडं अर्धंच उरतं. आणि चिरताना कांद्याचा बुडखा शेवटपर्यंत ठेवायचा, ही घरातल्या सगळ्यांना सक्त ताकीद. मग डायनिंग टेबलावर लाकडी फळी, पाठीमागे टेबलफॅन, आणि डोळ्यांना नातवाचा पोहण्याचा गॉगल. चष्म्याशिवाय कांदा दिसत नाही, म्हणून गॉगलवर चष्मा. दातांत काडेपेटीची काडी, गुलाचं टोक बाहेर. काडीने काय होतं हे विचारायचं नाही, कारण काडी असताना त्यांना बोलता येत नाही आणि उत्तरासाठी ती काढली की अर्धा तास जातो.

अशा अवस्थेत एकदा इस्त्रीवाला दारात आला. कपडे न देताच दोन पावलं मागे सरकला.

पंख्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. वायू काकांच्या डोळ्यांपासून दूर जातो. तो जातो समोर ओट्यापाशी थालीपिठाचं पीठ मळणाऱ्या काकूंकडे. त्यांचे दोन्ही हात पिठात, डोळे पुसायला सून धावते, टरफलं उडत देवघरापर्यंत पोचलेली, आणि काका काडीच्या आडून विजयाने पुटपुटतात, "एक थेंब नाही!"

मागे एका वर्षी त्यांनी चिरलेला कांदा लगोलग पाण्यात टाकायची पद्धत काढली. भज्यांची वाट लागली. खेकडा भज्यांना कांदा उभा चिरून मीठ लावून ठेवायचा असतो, त्याला सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन घालायचं, वरून थेंब नको. काकांच्या कांद्याने पातेलंभर पाणी आणलं होतं. काकूंनी काही न बोलता त्याची धिरडी घातली. काकांनी सहा खाल्ली आणि भजी चुकवून असा नवा पदार्थ सापडल्याचं श्रेयही घेतलं.

अलिबागहून पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आणल्या तेव्हा तर त्यांना प्रश्न कायमचा सुटला असंच वाटलं होतं. या कांद्याला 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं, चवीला गोड, डोळ्यांना त्रास नाही म्हणून त्याची ख्याती. काकांनी गॉगलशिवाय चिरला. खरंच पाणी आलं नाही. अंगठीवर हात फिरवत त्यांनी तो रविवारच्या मिसळीवर पेरला, घास घेतला आणि थांबले. "ह्याला ठसका कुठाय?" आता डोळ्यांना झोंबणारं आणि जिभेला झोंबणारं, दोन्ही एकाच गंधकाच्या कुळातलं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. कोशिंबिरीला तो कांदा अमृतासारखा लागला, पण मिसळीला दुसऱ्या रविवारी लालच आला.

यंदा मुलाने दोरी ओढायचा चॉपर आणला. चार झटके दिले की कांदा बारीक, झाकण बंद, वायूचा पत्ता नाही. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला, पाती मोजली आणि निकाल दिला, "ह्यात पेशींचा चुराडा होतो. शिवाय माणसाला शिकायला काय राहिलं?" चॉपर माळ्यावर गेला.

आता तो तांदळाच्या डब्यामागे असतो. संध्याकाळी काका फिरायला बाहेर पडले, लिफ्टचं दार वाजलं, की स्वयंपाकघरात दोरीची घरघर सुरू होते. परत येईपर्यंत कांदा फोडणीत असतो, भांडं धुऊन जागेवर. काका दारातच सुनेच्या डोळ्यांकडे निरखून बघतात.

"कोरडे! बघ, सांगितल्याप्रमाणे केलंस की नाही?"

"हो ना बाबा," सून म्हणते, "बुडखा शेवटपर्यंत ठेवला."