पॉलिशकाका

कोथरूडपासून घोडबंदर रोडपर्यंत, जिथे जिथे सोसायटीला झाकलेलं पार्किंग आहे, तिथे एक पॉलिशकाका असतातच. वय पन्नाशीच्या पुढचं, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मुलगा परदेशात आणि गाडी हटकून काळी. यांनी पांढरी गाडी घेतली असती तर आज भजनी मंडळात पेटी वाजवत असते. पण काळ्या रंगावर सगळं दिसतं, आणि काकांना सगळं बघायचं असतं.

दिवेलागणीनंतर कपाळाला विजेरी बांधून एखाद्या बॉनेटला नाक टेकवून बसलेला इसम दिसला, तर तो चोर नव्हे. नवीन वॉचमनने एकदा शिट्टी मारून अर्धी सोसायटी गोळा केली होती. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट जमलेल्या लोकांना त्यांनी जवळ बोलावलं, विजेरी फिरवली आणि म्हणाले, "दिसलं? हे बघा, जाळं!"

जाळं होतं खरं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल गोल रेघा. यांना स्वर्ल मार्क म्हणतात. गंमत अशी की या रेघा मुळात गोल नसतातच. असतात वाटेल तशा आडव्यातिडव्या, पण प्रकाशाला आडव्या जातात तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कोळ्याने घर केल्यासारखं दिसतं. काकांनी हे समजावून सांगितलं तेव्हा लोक माना डोलावत वर गेले. त्या रात्री निदान चार घरांतले पुरुष विजेरी घेऊन गुपचूप खाली उतरले असणार. काकांचा संसर्ग असाच होतो. तोपर्यंत ज्याची गाडी छान होती, त्याच्या गाडीला रोग झालेला असतो.

रोगाचं मूळ कोण, हेही काकांना पक्कं ठाऊक आहे. पहाटे पाचला येणारा गाड्या पुसणारा. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीवर घासली जाते. काकांनी त्याला आपल्या गाडीपुरतं बंद केलं. मात्र पगार चालू ठेवला, कारण बंद केलेला माणूस रागाने हात मारून जाईल ही धास्ती. गाडीला हात न लावण्याचा महिन्याचा पगार घेणारा तो महाराष्ट्रातला बहुधा एकटाच.

काका स्वतः दोन बादल्यांनी गाडी धुतात. एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी, आणि दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की सेक्रेटरी या दुसऱ्या बादलीवर हरकत घेतात. काका स्वतः आंघोळ अर्ध्या बादलीत उरकून हिशेब जुळवतात.

पण हे झालं रोजचं पथ्य. शस्त्रक्रिया रविवारी. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सुटली की समजावं, आज मशिन बाहेर निघणार. हे ड्युअल अॅक्शन पॉलिशर. पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय मधून जरासं सरकलेल्या केंद्राभोवतीही हिंदकळतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. गॅरेजमध्ये जे नुसतं गरगर फिरणारं रोटरी मशिन असतं, त्याचं नाव काढलं तरी काकांचा चेहरा उतरतो. कुणा गॅरेजवाल्याने त्यांच्या आधीच्या गाडीवर लोकरीचं पॅड लावून रोटरी फिरवली होती. गाडी सावलीत आरशासारखी दिसत होती. उन्हात आली आणि बॉनेटभर धुराच्या वेटोळ्यांसारखे पट्टे हलायला लागले. काका त्याला 'ती घटना' म्हणतात.

तयारीलाच दुपार होते. आधी चिकणमातीसारखी क्ले रंगावरून फिरवून रुतलेले कण काढायचे. मग रबरी कडांना आणि प्लॅस्टिकला मास्किंग टेप. मग पॅडवर कंपाउंडचे मटारएवढे चार थेंब, दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा, एकदा उभे, एकदा आडवे हात, आणि मशिन इतकं सावकाश सरकवायचं की बघणाऱ्याला डुलकी लागावी. पॅडच्या मागच्या चकतीवर काकांनी मार्करने रेघ मारून ठेवली आहे. बॉनेटच्या वळणावर दाब जास्त पडला की पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतंच थरथरतं; रेघ फिरताना दिसली तर काम चालू. शेवटी स्पिरिटने पुसून घ्यायचं, कारण पॉलिशच्या तेलकटपणाखाली ओरखडे लपून बसतात. शेजारचे लपलेल्यावरच खूश असतात. काका नसतात.

काकूंचं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपल्याकडे गाडी आहे हे त्यांना माहेरी सांगावं लागतं, दाखवता येत नाही. पाऊस असला की चिखल, नसला की धूळ, म्हणून मंडईला त्या रिक्षाने जातात. गाडीत बसायची वेळ आलीच तर दार काका उघडतात. बघणाऱ्यांना यात दाक्षिण्य दिसतं. खरं कारण असं, की मुठीमागच्या खोबणीत नखं लागतात. गाडीची मायक्रोफायबरची फडकी वॉशिंग मशिनमध्ये वेगळी धुतली जातात, त्यांच्यात काकूंच्या साड्या चालत नाहीत.

दसऱ्याला मात्र खरा पेच. गुरुजींनी बोटाने बॉनेटवर स्वस्तिक काढायला हात उचलला की काका मध्ये येतात. "गुरुजी, काचेवर काढा." हार बांधायला निघालं की, "त्यात तार आहे का?" आणि अक्षता? "गुरुजी, अक्षता टायरवर टाका. टायरही गाडीचाच आहे."

परोपकारही आहे त्यांच्यात, तोच जास्त धोक्याचा. रंगाची जाडी मोजायचं मीटर त्यांच्या खिशात असतं. कंपनीतून आलेल्या गाडीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन जाड असतो. शेजारच्यांनी 'एकदम ओरिजिनल' म्हणून जुनी गाडी घेतली, पेढे वाटले. काकांनी पेढा खाल्ला, मागच्या दाराला मीटर लावलं आणि सगळ्यांसमोर आकडा वाचला: चारशेवीस. दार कधीतरी ठोकलं जाऊन पुट्टी भरून रंगवलेलं होतं. शेजारी अजून बोलत नाहीत.

याच मीटरने काका दर दिवाळीला स्वतःचं बॉनेटही मोजतात आणि वहीत लिहितात. आकडा उतरत चाललाय. उतरणारच, कारण ओरखडा काढणं म्हणजे तो भरणं नव्हे. त्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणं. सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, केसाहूनही बारीक. रंगाला उन्हापासून वाचवतो तोच. एकदा संपला की पॉलिशचा काही उपयोग नसतो, गाडी थेट रंगाऱ्याकडे न्यावी लागते. बिचारा गाड्या पुसणारा नुसते ओरखडे पाडतो. काका थर काढतात पदरचे पैसे घालून. माझ्या मते त्या गाडीला रस्त्यापेक्षा काकांपासून जास्त धोका आहे, आणि हे त्यांना वहीवरून कळलेलंही आहे. म्हणून हल्ली ते स्वतःच्या गाडीवर मशिन चालवत नाहीत.

दुसऱ्यांच्या गाड्या शोधतात. तेव्हा काळी गाडी घेणार असाल तर खुशाल घ्या, पण पार्किंग ठरवताना त्यांच्या शेजारची जागा नको म्हणा. आणि तीच वाट्याला आली, तर निदान बॉनेट कोरड्या फडक्याने पुसू नका. तिसऱ्या मजल्यावरून स्वच्छ दिसतं.