पस्तीस अंशांच्या वरची गावं

आयफोन बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलंय, की हा फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. अक्षर बारीक आहे, पण लिहिलंय. म्हणजे मार्च सरत आला की पहिल्या पावसापर्यंत सिल्लोड तालुक्यातला प्रत्येक आयफोन भर दुपारी अधिकृत रजेवर असतो. तरी पोरं तो शर्टाच्या खिशात मिरवत लग्नाच्या मांडवात फिरतात आणि तापला की कूलरपुढे धरतात. हप्ते फिटायचे राहिलेल्या वस्तूला घरातल्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त वारा मिळतो.

मी नावं ठेवत नाही. मीही याच धंद्यातला. पुण्यात एसीत बसून ॲप बनवतो. आमच्या ऑफिसात बाराही महिने २४ अंश. तिथल्या मीटिंगमध्ये ‘यूजर’ नावाच्या एका इसमाची सतत चर्चा असते. त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण त्याची कुंडली सगळ्यांना पाठ. हात कोरडे, नेटवर्क फुल्ल, बॅटरी भरलेली, मोबाईल गेल्याच वर्षी घेतलेला, आणि नाव आधारवर, बँकेत आणि सातबाऱ्यावर एकसारखं लिहिलेलं. सुट्टीत गावी आलो की मी या गृहस्थाला शोधतो. सिल्लोडात तरी तो राहत नाही. फुलंब्रीकडे असला तर कल्पना नाही.

ई-पीक पाहणीचंच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. कल्पना वाईट नव्हती. पूर्वी पीक पाहणी चावडीवर बसूनच उरकते, असा लौकिक होता. वावरात कपाशी आणि सातबाऱ्यावर ज्वारी, असे चमत्कार घडत. आता शेतकऱ्यानं स्वतः वावरात जायचं, गट निवडायचा, पीक, पेरणीची तारीख, सिंचनाचं साधन भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो टाकायचा. रेंज नसेल तर माहिती मोबाईलमध्ये साठवून गावात आल्यावर पाठवता येते, ही सोयही कुणीतरी विचार करूनच दिलीय.

फक्त खरिपाची नोंदणी ऑगस्टात असते, आणि ऑगस्टात पाऊस असतो. मोबाईलची काच दाबानं चालत नाही; बोट टेकलं की तिथला विजेचा भार किंचित बदलतो, त्यावरून तिला कळतं. तिच्यावर पाणी पडलं की थेंब कुठला आणि बोट कुठलं हे तिला उमगत नाही. ‘मका’ दाबावं तर ‘मूग’ लागतो. आमच्याकडचा मका तोवर डोक्याच्या वर गेलेला. उपग्रह सापडायला मोबाईलला मोकळं आभाळ लागतं, आणि इथं वर ओली पानं. एका हातात छत्री, दुसऱ्यात मोबाईल, आणि दाबायला लागणारा तिसरा हात शासनानं अजून अनुदानावर दिलेला नाही. तेवढ्यात ॲप सांगतं, तुम्ही गटापासून दूर आहात. माणूस आपल्याच वावरात, आज्यानं खणलेल्या विहिरीला टेकून हे वाचतो. भावकीला तीस वर्षं कोर्टात जे सिद्ध करता आलं नाही, ते ॲप एका ओळीत सांगून मोकळं होतं.

२०२४ मध्ये तलाठ्यांचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. मोकळ्या झालेल्या नावावर शेतकऱ्याची नेमणूक झाली, बिनपगारी. आमच्या धंद्यात याला ‘सेल्फ सर्व्हिस’ म्हणतात, आणि मीटिंगमध्ये हा शब्द उच्चारला की सगळे समाधानानं मान हलवतात. कारकुनाचं काम कमी झालं म्हणे. कमी कसलं झालंय? ते घरोघरी वाटून दिलंय. पीएम-किसानची केवायसी तुम्ही करा, फार्मर आयडी तुम्ही काढा, महाडीबीटीवर अर्ज तुम्ही भरा, चुकलं तर तुम्हीच निस्तरा.

आता ज्याला हे जमत नाही, त्यानं काय करायचं? त्यानं झेरॉक्सच्या दुकानात जायचं. महाराष्ट्रातली सगळी ॲपं खऱ्या अर्थानं कोण वापरत असेल, तर झेरॉक्सच्या दुकानातलं बारावी झालेलं पोरगं. मी अशा एका दुकानात तासभर बसलो. गल्ल्याशेजारी दोनशे पानी वही. तिच्यात गावानुसार माणसांची नावं, मोबाईल नंबर आणि पुढे पासवर्ड. पासवर्ड सगळ्यांचा एकच, पोरानंच ठरवलेला. आम्ही पुण्यात सुरक्षेसाठी कुलुपावर कुलूप लावतो, आणि तालुक्याची तिजोरी सुतळीनं बांधलेल्या वहीत उघडी पडलेली. त्याला म्हटलं, अरे, हे धोक्याचं आहे. तो म्हणाला, “दादा, वही हरवली तर धोका. म्हणून तर बांधून ठेवली.”

आणि ओटीपी! ज्या सहा आकड्यांखाली ‘कोणालाही सांगू नका’ असं बँक बजावते, ते आकडे त्या दुकानात भाजीच्या भावासारखे मोठ्यानं पुकारले जात होते. “काकू, मेसेज आला का? सांगा बरं. नाही नाही, तो लकी ड्रॉचा. त्याच्या वरचा.” काकू चष्मा विसरलेल्या, म्हणून शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस वाचून दाखवतो. आमच्या भाषेत ही दुहेरी पडताळणी झाली.

२०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी निघाली, तेव्हा तर बाईच्या ओटीपीसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागला. नवरा वाळूजला कंपनीत, शिफ्टवर. मोबाईल गेटवर जमा. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं, शिफ्ट आठ तासांची. हे गणित मांडणाऱ्याचा नवरा बहुतेक घरूनच काम करत असावा.

या सगळ्यात मला पसंत पडलेलं माणूस म्हणजे अंगणवाडीताई. आम्ही लोकांना पैसे देऊन बोलावतो आणि विचारतो, ॲप कसं वाटलं? २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी न विचारता सांगितलं. सरकारी मोबाईल अडकत होते, तापत होते, आणि पोषण ट्रॅकर मराठीत मिळत नव्हतं. त्यांनी ते मोबाईल नेऊन कार्यालयात परत केले. इतका स्पष्ट रिव्ह्यू मला उभ्या नोकरीत कुणी दिलेला नाही.

मग गावात चालतं ते काय? मोटारीचा मोबाईल स्टार्टर. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड. रात्री थ्री फेज आली की शेतकरी अंथरुणातूनच त्या नंबरला फोन लावतो, आणि तिकडे विहिरीवर मोटार सुरू. बटनाच्या मोबाईलवरून चालतो. अपडेट मागत नाही, आमचा अनुभव कसा वाटला असं विचारत नाही, पाच तारे द्या म्हणत नाही, कॅमेरा, लोकेशन आणि सासुरवाडीच्या नंबरांची परवानगीही मागत नाही. पूर्वी त्याच कामासाठी माणूस रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या वाटेनं विहिरीवर जायचा. हे यंत्र ज्यानं काढलं, त्याला रात्रीची लाईट काय असते ते माहीत असणार. त्याच्या पेटीवर कुणी ‘स्मार्ट’ लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. आत गांधीलमाशीनं घर केलं तरी ती चालू असते. अर्थात, टूजी बंद करू म्हणणाऱ्यांच्या यादीत यातल्या बऱ्याच पेट्यांचा नंबर लागलेलाच आहे. ती मीटिंगही २४ अंशातच होणार.

तेव्हा माझ्या जातभाईंना, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांना, एकच विनंती. पुढचं व्हर्जन काढण्याआधी तपासायला माणूस पाठवायचा तर सिल्लोडला पाठवा, ऑगस्टात पाठवा, सहा-सात हजारांचा मोबाईल देऊन मक्यात उभा करा. राहायची-जेवायची सोय गाव करेल. छत्री मात्र त्याला देऊ नका.