आधी धुंडीविनायक

पालीत दर्शनाची एक रीत आहे. बल्लाळेश्वराला भेटायचं तर आधी त्याच्या देवळामागे जायचं, तिथल्या पश्चिमेकडे तोंड केलेल्या धुंडीविनायकाला हात जोडायचे आणि मग पुढे यायचं. अष्टविनायकाच्या बसमधून उतरलेली मंडळी घाईत हे विसरतात. गावकरी विसरत नाहीत. त्यामुळे मामांची येझदी मोटरसायकल पहिल्याच दिवशी मागे धावली, तेव्हा आळीत कुणाला त्यात फार वावगं वाटलं नाही.

गाडी 1979 ची. कागदावर जिल्हा कुलाबा. त्याचा रायगड झाला 1981 मध्ये, म्हणजे गाडी जिल्ह्याच्या नावाहून वडील. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि त्याच्या कितीतरी आधी गाडी पडवीत निवृत्त झाली होती. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची, हँडलला मामींची छत्री असायची. 2022 मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा झळकलं आणि पनवेलच्या भाच्याला एकाएकी पडवी आठवली.

‘‘मामा, लोक लाखो रुपये देऊन घेतायत, आणि तुझ्याकडे असून तू तिच्यावर छत्री वाळवतोस?’’

‘‘छत्री वाळते ना? मग गाडी उपयोगातच आहे.’’

गाडीची वंशावळ मोठी खानदानी. मूळ कंपनी जावा, चेकोस्लोव्हाकियातली, 1929 ची. जानेचेक हे मालकाचं आडनाव आणि वांडरर ही जर्मन गाडी, दोघांची पहिली अक्षरं जोडून जावा. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून त्या गाड्या इथे बनवल्या, पुढे 1973 च्या सुमारास त्यांना येझदी नाव दिलं आणि 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. या गाडीची गंमत अशी, की किक आणि गिअर यांना एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, पुढे पाडला की गिअर. दोन घरची कामं एकाच बाईने करावीत, तसा तो दांडा. कंटाळला की दोन्ही घरी दांडी मारतो.

सुट्या भागांसाठी भाचा कुर्ल्याच्या भंगार गल्लीत दोनदा आणि पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार हिंडला. टाकीतून गंजाचा असा चुरा निघाला, की मिस्त्रींनी तो चाळणीतून पाहिला. जुनं रबर फुगून बसलं होतं. हल्लीच्या पेट्रोलात मिसळलेलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतलं पाणीही ओढून घेतं. कोकणात हवेत पाण्याला काय तोटा! शिवाय टू-स्ट्रोक असल्यामुळे दर लिटरला 40 मिली ऑइल टाकीतच घालायचं. मामांनी त्यासाठी मामींचं औषधाचं माप उचललं. त्यावर घरात दोन दिवस अबोला.

कागदांचं प्रकरण वेगळंच. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर 5 वर्षांनी नवी करायची. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, तर नंबराच्या जागी आधी गंज उमटला. भाच्याने आणखी एक वाट शोधली होती. 2021 च्या नियमाप्रमाणे गाडीने पन्नाशी ओलांडली की तिला विंटेज म्हणता येतं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये लागतात. पण तशी गाडी रोज वापरायची नाही.

‘‘2029 पर्यंत थांबायचं, वर 20 हजार भरायचे, आणि चालवायची नाही?’’ मामा म्हणाले. ‘‘न चालवणं मी गेली वीस वर्षं फुकटात करतोय.’’

अखेर तो दिवस आला. मिस्त्री, भाचा, मामा आणि सल्ला द्यायला अकरा माणसं. कुणी म्हणे प्लग काढून तव्यावर भाजा, कुणी म्हणे नारळ फोडा. मामांनी किक मारली. सत्तरीच्या गुडघ्याची किक ती, अर्धीच बसली. पण इंजिन धडधडलं! टाळ्या पडल्या. मामांनी ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सरळ मागे गेली.

करणी वगैरे काही नाही. प्लॅटिनम पॉइंट चुकीचा लागला होता. ठिणगी फार लवकर पडली, किक कमजोर असल्यामुळे पिस्टन वर पोचण्याआधीच परत फेकला गेला आणि इंजिन उलटं फिरू लागलं. फोर-स्ट्रोकला हे जमत नाही, टू-स्ट्रोकला सहज जमतं. अशा वेळी चारही गिअर रिव्हर्सचे. मामांनी मात्र आजवर पुढे बघूनच गाडी चालवली होती. ते पुढेच बघत राहिले आणि मागे बाजेवर वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांत जाऊन थांबले. पापडांची मालकीण म्हणाली, ‘‘एवढी वर्षं कंडक्टर होतात, मागे बघायची सवय नाही?’’

पॉइंट नीट लावल्यावर येझदी पुढे निघाली. बाजारपेठेतून, सरसगड पाठीशी टाकत, उन्हेऱ्याच्या गरम कुंडांपर्यंत. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर. वाटेत धूर एवढा, की मागच्या रिक्षावाल्याने दिवे लावले. कुंडापाशी पोचताच गाडी आपणहून बंद पडली. मामांनी गंधकाच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत पाय सोडले. भाचा किक मारमारून घामाघूम झाला.

‘‘मामा, ही सुरू होत नाही. आता घरी कसं जायचं?’’

मामांनी डोळे न उघडता विचारलं, ‘‘तोंड कुठे आहे तिचं?’’

‘‘कुंडाकडे.’’

‘‘मग पॉइंट परत चुकीचा लाव. वळवायचा त्रास नको.’’