तान्ह्या पोळ्याचा बैल न्यूरेनबर्गच्या गोठ्यात

न्यूरेनबर्ग, १६ डिसेंबर



बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोट्टे सायब झाले काय बाप्पा आता?" त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही. मध्येच आई फोन ओढून घेते आणि गाडी लोणच्यावर जाते. म्हणून हे पत्र.

इथे आमच्यावरचा आरोप नेमका उलटा आहे. दिवाळीत बाल्कनीत कंदील लावला, तर तळमजल्यावरच्या जर्मन आजी जिना चढून वर आल्या. सुंदर आहे, म्हणाल्या, पण जरा लवकर नाही का झाला? इकडे नोव्हेंबरच्या शेवटी मृतांच्या स्मरणाचा एक रविवार असतो. प्रशियाच्या राजानं १८१६ साली तो ठरवून दिला. त्याच्या आधी नाताळचं काहीही टांगायचं नाही, असा अलिखित कायदा. पितृपक्षात आपण सोनं घेत नाही, तसं. आपला कामट्यांचा, पतंगी कागदाचा कंदील त्यांना हेर्नहुटचा तारा वाटला होता. आजच्या सॅक्सनीतल्या एका शाळेत १८३० च्या आसपास पोरांना भूमिती शिकवायला कागदाचा टोकदार तारा केला, तोच आता घरोघर लटकतो. मी दिवाळी समजावून सांगितली. आजींनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रात्री दहानंतर दिवा बंद ठेवायच्या अटीवर परवानगी दिली.

आता झाड. अमरावतीची मोठी माय म्हणाली म्हणे, "झाड घरात कायले आनलं? वावर कमी पडलं काय?" तिला सांगा, हे झाड काही येशूच्या काळापासून चालत आलेलं नाही. १६०५ सालचं एक टिपण आहे, त्यात स्ट्रासबुर्गचे लोक दिवाणखान्यात झाड उभं करून त्याला कागदाची गुलाबं आणि सफरचंदं बांधताना दिसतात. पुढे 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांची पोरं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं आणि इंग्लंडात घरोघर झाड हवं झालं. दोन वर्षांनी एका अमेरिकन मासिकानं तेच चित्र उचललं, फक्त राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा खोडल्या, म्हणजे कुटुंब आपल्याच गल्लीतलं वाटावं. त्यामुळे बाबा, परंपरा बुडाली म्हणून कोणी रडायला लागलं, तर मी आधी मिशा शोधते.

मला मात्र झाडापेक्षा त्याच्यावर टांगलेल्या मालाचं जास्त कौतुक. आणि त्यासाठी न्यूरेनबर्गसारखं गाव नाही. इथल्या नाताळच्या बाजाराचा जुना पुरावा १६२८ चा आहे. तिथे पितळेच्या पातळ पत्र्याची देवदूत बाई मिळते. घडीघडीचा घागरा, हलवला की सळसळतो. हा सरळ सरळ बेगड! बाशिंगाला, मखराला, ताजियाला लावतात तोच, फक्त किंमत ऐकून थंडीत घाम फुटतो. ह्या भागात तार ओढणाऱ्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. तांब्याच्या तारेला चांदीचा किंवा सोन्याचा मुलामा द्यायचा, ती ओढून ओढून केसाएवढी बारीक करायची, मग रुळांमधून चपटी काढायची. सुताभोवती गुंडाळली की झाली जर, आईच्या शालूला शोभेल अशी. तशीच मोकळी सोडली की झाडावरची झुळझुळ, जिला जर्मन लोक लॅमेटा म्हणतात. पुढे शिसं-कथलाच्या पट्ट्या आल्या. वजनदार असल्यामुळे त्या सरळ लोंबत. आमच्या तळमजल्यावरच्या आजींची आई सण संपला की एकेक पट्टी उतरवायची, नखानं सपाट करायची आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवायची. आई, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांबद्दल मी एक शब्द बोलत नाही. पण शिसं पडलं विषारी आणि लोकांची हौसही ओसरली. शेजारच्या रोथ गावातल्या एका जुन्या कारखान्यानं २०१५ साली हा माल करणं बंद केलं.

काचेचे गोळे थुरिंगियातल्या लाउशा गावचे. गरीब काचकाऱ्याला सफरचंद परवडेना म्हणून त्यानं काचेचं फुंकलं, अशी दंतकथा सांगतात. मला १८६७ सालची गोष्ट जास्त पटते. तेव्हा गावात गॅस आला, आच हवी तशी कमी-जास्त करता येऊ लागली आणि पातळ गोळे निघू लागले. बाप फुंकणार, आई आतून चांदीचं पाणी फिरवणार, पोरं टोपणं बसवणार. मग बाई पाठीवर टोपली घेऊन सोनेबर्गच्या व्यापाऱ्याकडे जाणार. भाव कोण ठरवत असेल, हे अडत्याच्या दारात कापसाची गाडी उभी करणाऱ्याला मी काय सांगू?

आणि कापूस! त्याच्यासाठीच तर एवढं लिहिते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इकडे दाबलेल्या कापसाची फळं, पोरं, पक्षी करून झाडावर टांगत. आजींच्या पेटीत त्यांच्या आजीचं एक कापसाचं पेर आहे. वर खळ आणि अभ्रकाची भुकटी, अजून चकाकतं. देठाशी कापूस सुटला होता. तुम्ही जीनवर पाहता तसा मी दोन अंगठ्यांत धरून अलगद ओढला. आखूड धागा! त्या काळी आपल्याकडचा कापूस बाहेरच्या बाजारात अमरावतीवरूनच 'ऊमरा' म्हणून विकला जाई, खामगावात फोल्कार्ट या स्विस पेढीनं ठाण मांडलं होतं, आणि हिंदुस्थानच्या आखूड धाग्याला गिऱ्हाईक इंग्लंडपेक्षा युरोपातल्या इतर गिरण्यांचं जास्त. ते पेर अकोल्याच्या पऱ्हाटीचं असेलच असं मी म्हणत नाही. पण नसेलच म्हणणाऱ्यानं पुरावा आणावा. एवढं सगळं मी आजींना तावातावानं ऐकवलं. त्यांनी पेर उचललं, पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं.

लहानीची खबर वेगळीच. बालवाडीत गोठ्याचा देखावा मांडतात. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून तो मांडला होता. यंदा बालवाडीच्या बैलाचं शिंग मोडलं, तर आमची पोट्टी तुम्ही दिलेला तान्ह्या पोळ्याचा बैल घेऊन गेली. चाकं, झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. बाई म्हणाल्या, झूल काढून ठेवू या, बाकीची जनावरं साधी आहेत. लहानी म्हणाली, "झूल काढली तर पोळा कसा भरन?" बाई गप्प झाल्या. शुक्रवारी आईबाप पाहायला आले, तर बाळापेक्षा बैलाचेच फोटो जास्त. एकानं विचारलं, तुमच्या गावचे बैल असेच असतात का? आमच्या मोठ्या पोट्ट्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "हो, पण चाकं फक्त शहरातल्यांना."

लहानीनं आता पुढचाही बेत केला आहे. इथल्या बाजाराचं उद्घाटन सोनेरी टोप घातलेली मुलगी करते. २०१९ साली बेनिग्ना मुन्सी निवडून आली होती, तिचे वडील मूळचे भारतातले. काहींनी नाकं मुरडली, पण शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं. लहानीलाही तेच व्हायचं आहे, पण तिला त्यात रस टोपापुरताच.

पुढच्या महिन्यात कोणी येणार असेल तर मूठभर कापूस पाठवा. सरकी काढून द्या, विमानतळावर उगाच भानगड नको. आम्ही त्याची वरूडची संत्री करणार आहोत, एक आजींना देऊन कुलूप उघडतं का बघू. केशरी रंगाला हळद चालते की कुंकवाचं बोट लावावं लागतं, हे आईला विचारा. मोठ्या मायला सांगा, झाड प्लास्टिकचं आहे, काळजी नको. तुरीला काय भाव निघाला ते कळवा.

तुमची,
बेबी